रुमालाखालचा भाव

चोरी म्हणावी तर वस्तू हाताला लागत नव्हती, आणि ज्याची फसवणूक चालली होती त्याची तक्रारच नव्हती. माझ्या सेवेतलं हे एक प्रकरण म्हणूनच अजून मनातून गेलेलं नाही.

मी तेव्हा अमरावतीत एका ठाण्याचा प्रभारी होतो. शेतीच्या पडझडीची वर्षं होती. कोणी अवेळी काही विकायला काढलं की त्यामागचं कारण शोधायची सवय आम्हाला लागली होती. अशात जुन्या गाड्यांच्या व्यवहारातला एक दलाल ठाण्यात आला. अधूनमधून तो आम्हाला खबर देत असे.

"साहेब, वरूडचा एक संत्रेवाला ट्रक इकून राहिला. आंबिया बहाराचा माल तोडणीवर आला अन् हा गाडी काढते. दारू नाही, जुगार नाही. मले काही बरं नाही वाटत."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्या संत्रेवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. आसपासच्या बागांची संत्री घेऊन, पॅकिंग करून तो परप्रांतात पाठवत असे. वडिलांपासूनचा धंदा. अलीकडे मागणी वेबसाइटवरून येई आणि त्या वेबसाइटचं नाव प्रत्येक खोक्यावर छापलेलं असे. ती वेबसाइट बंद पडली होती. फळ झाडावर तयार होतं, खरेदीदारांशी संपर्क तुटला होता.

वेबसाइटचं ते नाव, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करून देणारा विक्रेता अमरावतीतलाच. त्याने सांगितलं होतं की मुदत संपली, नाव परत वर, मुख्य कंपनीकडे गेलं, आता वरच्यांनी ते महागड्या नावांत धरलं आहे. त्याने सांगितलेल्या दरासाठी ट्रक विकणं भाग होतं.

"दुसरीकडे विचारलंत का?" मी म्हटलं.

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "कसं इचारणार, साहेब? एका दलालाच्या हातात हात हाय, तवा दुसऱ्याले भाव नाही पुसत. बाजाराचा उसूल हाय तो."

त्याच्या पिढीतल्या व्यापाऱ्यांचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरे. तो हात सुटेपर्यंत माल दुसऱ्याला दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम. कॉम्प्युटरच्या दुकानातही तो हाच नियम पाळत होता.

हवालदाराला घेऊन मी अकोल्याला गेलो. तिथे वेबसाइटची नावं विकण्याचा हाच व्यवसाय करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, "नावाच्या शेवटी डॉट कॉमसारखी जी अक्षरं असतात ना, त्या एका शेवटाची सगळी नावं एकाच रजिस्ट्रीकडे, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या एकाच संस्थेकडे असतात. आमच्यासारख्यांचे कॉम्प्युटर तिलेच इचारतात, नाव मोकळं आहे का, अन् साधं आहे का महाग. तिचं उत्तर सगळ्यांले सारखंच येते. वरचा नफा मग ज्याचा त्यानं लावावा."

त्यांनी नाव टाकून पाहिलं आणि मान हलवली.

"हे तर मोकळंच नाही, साहेब. अजून तुमच्याच माणसाच्या नावावर आहे. मुदत उलटली, पण परत मिळवायचा काळ चालू आहे. त्याची फी ठरलेली असते. जुन्या विक्रेत्यानं मागणी केली की झालं. हा काळ गेला, तर मात्र कोणीही घेऊन जाईन."

म्हणजे अमरावतीत जे नाव विकायला होतं, ते अकोल्यात विकायलाच नव्हतं. उत्तर देणारी रजिस्ट्री एक, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असणं शक्य नव्हतं.

अमरावतीला परतून आम्ही थेट विक्रेत्याच्या दुकानात गेलो. तो तिशीतला, बोलायला शांत. माझ्या अनुभवात निर्दोष माणूस ठाण्याच्या माणसांसमोर इतका शांत क्वचितच असतो. "दर मी नाही ठरवत, साहेब. वरून येतो. तुमीच पाहा." त्याने पडदा आमच्याकडे वळवला. संत्रेवाल्याचं नाव, त्याखाली तोच दर.

मी हवालदाराला खूण केली. त्याने एका बोटाने एक नाव टाकलं. त्याखालीही तोच दर आला.

"हे कोनाचं नाव?" विक्रेत्याच्या तोंडून निघून गेलं.

"माह्या म्हशीचं. पुढं गावबी जोडलं," हवालदार म्हणाला. "एवढ्या पैशात तर गोठा भरून म्हशी येतीन, भाऊ. सांगजो तुह्या वरच्याले!"

विक्रेत्याने पाणी मागितलं. मग जबाब द्यायला वेळ लागला नाही. ते पान त्याने स्वतःच तयार केलं होतं. काहीही टाका, दर तोच. ठरलेली फी भरून नाव सोडवायचं आणि वरचे पैसे खिशात घालायचे, असा त्याचा बेत होता. नूतनीकरणाची आठवणही त्याने मुद्दाम दिली नव्हती. पंचांसमक्ष संगणक जप्त केला. त्याआधी मात्र परत मिळवण्याची मागणी त्याच्याकडूनच पाठवून घेतली. नाव संत्रेवाल्याला परत मिळालं, वेबसाइट सुरू झाली. ट्रक संत्री घेऊन गेला.

फसवणारा माणसाच्या लोभावर जगतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. इथे तो एका माणसाच्या सचोटीवर जगत होता. रुमालाखालचा भाव निदान दोन्ही हातांना कळतो. इथे रुमाल एकट्या विक्रेत्याने धरला होता आणि त्याखाली दुसरा हातच नव्हता. तेव्हापासून फसवणुकीच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न हाच विचारत आलो की, दुसऱ्याला विचारायला तुम्हाला कशाने अडवलं?

पुढे नाव अकोल्याच्या बाईंकडे हलवायचं ठरलं, तेव्हा कोर्टातल्या त्यांच्या साक्षीच्या कामासाठी मी त्यांच्या दुकानातच होतो. आणखी गिऱ्हाइकं बसली होती. संत्रेवाला आत आला, जरा घुटमळला. मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, घडी करून खिशात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"बाई, भाव काय?"