कोलशेतच्या गाळ्यात कॉफीचे भुंगेरे

तळतळाट हा शब्द मी फक्त भांडणात वापरायचे. डोंबिवलीत शाळेत विज्ञान शिकवते, दाराला लिंबू-मिरची बांधण्यावरून सासूबाईंशी वाद घातलेत. तरी हे लिहितेय… कारण भर सकाळी, शुद्धीत असताना पाहिलंय.

माझा दादा आणि त्याचा पार्टनर विलास यांचा कोलशेतला, खाडीच्या बाजूला, छोटा गाळा. तिथे ते कॉफीच्या मळ्यांसाठी कीडसापळे बनवायचे. लाल प्लास्टिकचं नरसाळं, आत स्पिरिटची कुपी, खाली पाणी. त्या वासाने कॉफीचं फळ पोखरणारे काळे भुंगेरे येतात आणि बुडून मरतात. सापळे दादा बनवायचा, कुप्या विलास भरायचा.

या उन्हाळ्यात चिकमगळूरच्या मळेवाल्यांचे फोन सुरू झाले. सापळे रिकामे, कीड तशीच. कुप्यांत नुसतं पाणी होतं, वासापुरतं बुचाला स्पिरिट चोळलेलं! विलासने सरळ दादाचं नाव घेतलं, स्पिरिट तोच चोरून विकतो म्हणून. दादा भांडला नाही, खचला. "सुमे, मी चोर नाही गं," एवढंच म्हणत राहिला आणि हार्ट अटॅकने गेला.

खंडेनवमीला गाळ्यात मशीनची पूजा असते. गाळा निम्मा दादाच्या नावावर, म्हणून वहिनीला बोलावणं आलं. मीही गेले — पूजेला नाही, विलासचे वाभाडे काढायला. तो नव्या गिऱ्हाइकांना सांगत होता, "जुना पार्टनर हात मारायचा, आता सगळं क्लीन आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो मशीनला कुंकू लावायला वाकला. त्याच्या उजव्या हातावर तीळ सांडल्यासारखे दिसले. मग ते चालायला लागले.

भुंगेरे! दादाने मुलांना दाखवायला मेलेले आणून दिलेले, मी ओळखते. गाळ्यात कॉफीचा दाणा नव्हता. बाकी कोणाच्या अंगावर एक नाही. विलास झटकत होता, ते परत येत होते, नखांच्या कडेने आत घुसायला बघत होते.

"अरे काढा रे कोणीतरी!" तो किंचाळला. मग वहिनीकडे बघून रडायलाच लागला. "वहिनी, पाणी मीच भरलेलं! त्याने काय नाय केलं!"

हात तसाच काळा.

वहिनी शांतपणे म्हणाली, "मला काय सांगता भाऊजी? मळेवाल्यांना सांगा. स्पीकरवर."

डाव्या हाताने त्याने एकेकाला फोन लावला. प्रत्येक कबुलीला थोडे भुंगेरे गळून पडत होते. शेवटच्या फोननंतर हात स्वच्छ.

खाली पडलेले काही मी शाळेच्या मायक्रोस्कोपखाली पाहिले. तेच होते. कोलशेतला कुठून आले, एकाच हातावर का बसले, मला आजही सांगता येत नाही.

एवढं मात्र सांगते. हात बुडवायला विलास पाणी मागत होता. भरलेली बादली माझ्या मागेच होती. शेवटचा फोन होईपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही.