बारवेची राखण

तारीख २२ मार्च १९३७ रोजी साखऱ्यापासून कोसभरावरच्या एका खेड्यातली जुनी बारव बुजवण्यासाठी निजाम सरकारातून तिथल्या हाली नाण्यात एकशे चौदा रुपये आठ आणे मंजूर झाले. कारण नारूचे होते. लोक पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जात आणि घागरी भरत. ज्याच्या पायाला नारूची जखम असे, त्याच्याकडून रोग पाण्यात उतरे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने दोऱ्यासारखा जंत बाहेर निघे. त्या साली निम्मे गाव लंगडत होते. बारवेच्या बदल्यात नवा आड खणून देऊ, असे पाहणीला आलेल्या सरकारी साहेबाने सांगितले आणि गावाने मान डोलावली.

धुरपताबाईने डोलावली नाही. ती विधवा, पोटी मूल नव्हते. दिराच्या घरी भाकर मिळे, पण तिच्याशी कोणी बोलत नसे. बोलणे व्हायचे ते बारवेवर. कोण्या काळी कोणी चुन्याशिवाय बसवलेल्या त्या काळ्या दगडांवर, कोनाड्यातल्या आसरा या जलदेवतांसमोर, बायका घागरी टेकवून घटकाभर बसत आणि तिला "धुरपे" अशी हाक मारत. बारव बुजली तर ती हाकही बुजणार होती.

ती घरोघर फिरली. पाटील तातेराव हसले. "धुरपताबाई, बारव काय तुहं माहेर हाय का?"

"माहेर असतं तर भाऊ आला असता संगं. न्हाई म्हणून तुमाला म्हणून राहिले, चला."

हसता हसता तातेराव अडकले. चार बायका आणि पाटील असे सगळे साहेबाच्या डेऱ्यावर गेले. साहेब भला होता. म्हणाला, "अक्षय तृतीयेला परत येईन. तोवर एकही उघडा पाय पाण्याला लागला नाही, तर बुजवणं थांबवतो."

गावाने ते शब्द मनावर घेतले. पण आसरांपुढे वहाणा घालून उतरायचे नाही, हा जुना रिवाज. मग पाय झाकायचा कसा? डेऱ्यावर गेलेल्या बायकांतल्या सखुबाईने तोड काढली, फडकी गुंडाळायची. बायका गुडघ्यापर्यंत लुगड्याच्या चिंध्या बांधून पाण्यात उतरू लागल्या. धुरपताबाईसुद्धा. साहेब आला तेव्हा बारवेच्या काठावर फडकीच फडकी वाळत होती.

"हे काय?"

"पाय झाकून राहिलो, सायब," सखुबाई ऐटीत म्हणाली. "एकबी उघडा न्हाई. बराबर पाहून घ्या."

साहेबाने कपाळाला हात लावला. जखमेची घाण चिंधीतून पाण्यात जात नाही का, असे विचारून त्याने दुसऱ्या दिवसापासून माती टाकायला सांगितले.

तेव्हा धुरपताबाई पुढे झाली. "पायऱ्याच बंद करा, सायब. भिंत घाला, वर रहाट बसवा. मी बसते तिथं. कोनाला उतरू देत न्हाई."

"तू एकटी?"

"एकटी तर हायेच."

साहेबाने होकार दिला आणि गावातल्या कय्युम गवंड्याने भिंत घातली. आसरांचा दिवा लावायला जाता यावे म्हणून त्याने एका अंगाला अरुंद फट ठेवली. मंजूर रक्कम परत गेली. बारव वाचली.

पण वरून पाणी शेंदायचे म्हणजे दोर ओढायचा, घागर भरायची आणि दुसरीला जागा द्यायची. तिथे बसणार कुठे? सखुबाईची सून बाळंतीण झाल्यावर पाणी पुजायला सासूबरोबर आली, तेव्हा धुरपताबाई त्या फटीत आडवी उभी राहिली. वर काढलेल्या पाण्याची पूजा करा म्हणाली.

"वांझेला काय कळतं पानी पुजनं?" सखुबाई म्हणाली आणि तशीच सुनेला घेऊन परतली. त्यानंतर बायका घागरी भरताना गप्प राहू लागल्या. "धुरपे" कोणी म्हटले नाही.

वर्षे गेली. गावातला नारू हटला. तो का हटला, याचा विचार कोणी केला नाही. धुरपताबाई सकाळी फटीतून आत जाई, दिवा लावी, आणि रिकाम्या पायऱ्यांवर पाण्याकडे पाहत बसून राही. वर रहाट करकरे, बांगड्या वाजत. खाली कोणी येत नसे. तिनेच येऊ दिले नसते.

कय्युम तेवढा पावसाळ्याआधी येई, भिंत ठोकून पाही. "बाई, अजून पक्की हाय," म्हणे. तिच्याशी बोलणारा तो एकच उरला होता.

१९४८च्या पावसात भिंतीचा कोपरा खचला. कय्युमने तो नव्याने बांधला. अर्धी मजुरी मिळाली, बाकीची सुगीवर ठरली. भाद्रपदात निजामाचे राज्य गेले, गावोगावच्या मुसलमान घरांत भीती पसरली, आणि एका पहाटे कय्युम बायको खुर्शीदबीला घेऊन निघून गेला. कुठे गेला, ते कळले नाही.

सुगी झाल्यावर धुरपताबाई पाटलाच्या दारात उभी राहिली. "तातेराव, कय्युमचे पैशे?"

"देऊ कोनाला, बाई? मानूस कुठं हाय?"

ती बारवेवर परत गेली. भिंत पक्की होती.

कय्युमच्या मजुरीचे सव्वादोन रुपये गावाकडे निघतात.