जवायाचा खांदा

माह्या खांद्यासारखा खांदा पुऱ्या सौंसर गावात दुसऱ्या कोणाचा नाई. शिंपी बी हेच म्हणते. माप घेताना थो माह्याकडं दोनदा पाह्यते अन् सदऱ्याची उजवी बाजू उतरती कापते.

ज्या साली नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आमी मध्यप्रदेशातच राहून गेलो, त्या सालची गोष्ट. चौकात मास्तर, वकील सारे म्हणून राहिले होते का आपल्याशी दगा झाला. मी बी मान हालवून राहिलो होतो. माह्याशी वेगळाच दगा चालू होता, थो मले माईत नव्हता.

मी कापसाच्या जीनमधी हमाल होतो. सरकीचं पोतं दोघांनी न्यायचं. लाकडाच्या लांब बल्लीले दोरानं लटकवायचं, एक टोक याच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या. माहा जोडीदार म्हणजे माहा साळा, बायकोचा सख्खा भाऊ. आमच्याकडं जवायाले लय मान. पंगतीत पह्यलं ताट त्याचं, बैलबंडीत चांगली जागा त्याची. म्हणून साळा म्हणे, भाऊजी, तुमी आगं चाला. मी ऐटीत आगं. दोर थो बांधे. मी तवर लोकाईले गोष्टी सांगून हासवत राहू.

चालताना पोतं माह्या टाचेले लागे. मले वाटे माही चालच डौलदार हाय. मांगून साळा साऱ्याईले सांगे का वाघ हाय माहा भाऊजी, अन् मी अजून छाती काढू.

होता होता खांदा खाली बसला. हात वर होईना. मुकादम म्हणे, दिवाळीपर्यंत पाह्यतो, नाई त दुसरा माणूस घेतो. माह्या कमाईवरच घर होतं. साळ्यानं तवा लय जीव लावला. संध्याकाळी घरी येऊन खांदा तेलानं चोळून दे अन् म्हणे, आता वयच झालं, भाऊजी. मले रडू ये, का असा साळा कोणाले भेटते.

एका शनिवारी थो जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले गेला. इकडं पोते त्याच दिवशी गाडीत भराचे होते. बायको जीनमधीच कापूस निवडे, थे म्हणे मी धरतो मांगून. दोर तिनं बांधला. आमी उचललं, त मले वाटलं पोतं रिकामंच हाय.

"तुह्यात लय ताकद हाय वं," मी म्हटलं.

"ताकद कायची? दोर मधात हाय. रोज कुठं असते?"

मी बल्ली खाली ठेवून पाह्यली. माह्या खांद्यापासून वीतभर अंतरावर दोरानं घासून खाच पडली होती. मधात बल्ली अशी कोरी, का दोर तिथं कधी गेलाच नसन. बायकोनं थे पाह्यलं अन् पदर तोंडाले लावला. लहानपणी नदीवरून पाण्याचा हंडा दोघं काठीले लटकवून आणताना भाऊ तिच्याकडं असाच दोर सरकवे, म्हणे.

साळा परत आला थो प्रसाद घेऊन. नारळाचा तुकडा माह्या हातावर ठेवला अन् तेलाची शिशी काढली. मी सदरा काढला नाई, बल्ली त्याच्यापुढं ठेवली. त्यानं खाच पाह्यली, मंग मले पाह्यलं. लाज बिलकुल नाई. भांडाची माहीच हिंमत झाली नाई. थो बी सोडून गेला त असा खांदा घेऊन मले जोडीले कोण घेईन? मी एवढंच म्हटलं, का यापुढं दोर मधात बांध, अन् खांदा कायच्यानं गेला थे मुकादमाले सांग, म्हणजे थो मले कामावर ठेवन.

थो शिशीचं बूच लावत म्हणे, "सांगतो न, भाऊजी. पण मुकादम इचारन, ज्याले आपलं वजन कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं थे बी समजत नाई, असा हमाल ठेवू कायले?"