घरातला नळ आटला तेव्हा

आमच्या घराण्यात मला नळ म्हणतात. कुणाच्याही पोरीची पाठवणी असो, नवरीच्या आधी मी सुरू. थोरल्या भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत तिच्यापेक्षा माझं नाक जास्त वेळ दिसतं. मोठी बहीण कुठल्याही लग्नाला आष्टीहून निघताना माझ्यासाठी वेगळा टॉवेल घ्यायची. रुमालाचं ते काम नाही, म्हणून.

पुढे या नळाचा वायसरच गेला. सेलूला माझं कृषी केंद्र आहे. ऐन पेरणीच्या हंगामात शटर उघडावंसं वाटेना. पहाटे अंधारातच जाग यायची आणि काही कारण नसताना डोळे गळायचे. भाकरी तोंडात नुसती फिरायची. शेवटी बायकोने वर्ध्याला मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. नैराश्य, त्या म्हणाल्या. कागदावर दोन पेशी काढल्या, मधे फट.

"एक पेशी या फटीत सेरोटोनिन सोडते आणि उरलेलं परत ओढून घेते. गोळी ते परत ओढणं अडवते."

"म्हणजे माझ्यात ते कमी पडलं?"

"इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! फटीतलं प्रमाण काही तासांत वाढतं, माणूस बरा व्हायला मात्र आठवडे लागतात. तेवढ्यात मेंदू आपल्या जोडण्या बदलत असावा. पूर्ण उत्तर आमच्याकडेही नाही."

मी फवारणीची औषधं विकणारा माणूस. पूर्ण उत्तर नाही असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं, तर तो सरळ समोरच्या दुकानात जाईल. तरी गोळ्या घेतल्या. काही आठवड्यांनी एका दुपारी अंबाडीची भाजी आंबट लागली आणि कळलं, आपण परत आलो. नातेवाइकांना सांगितलं, बीपीची गोळी आहे. खरं काय ते बायकोला माहीत आणि आईला. जेवण झालं की आई पाणी घेऊन उभीच.

"घे रे, तुही गोळी. नाईतर पुन्हा शटर लावून बसशीन."

ती आई गेली.

अंगणात सगळे रडत होते. मी चटया टाकल्या, बांबू आणवले, कोण यायचं राहिलंय ते पाहिलं. आत काहीतरी जड होतं, पण डोळ्यांपर्यंत चढत नव्हतं. बहीण गळ्यात पडली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रडायची थांबली.

"काऊन रे? लोकाच्या पोरी जाताना टॉवेल भिजवत होता, अन् आईले टिपूस नाई?"

बायांमधून कुणीतरी म्हणालं, "दुकानदार हाय वो बाई. मापून रडते."

तेरवी झाली आणि मी गोळी बंद केली. मला आईसाठी रडायचं होतं, बस. मधातच डोस सोडू नका, असं दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडणारा मीच. थोड्या दिवसांत मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ लागलं. मग झोप गेली. आणि काही आठवड्यांनी नळ सुटला. फवारणी पंपाचं नोझल बदलून मागणाऱ्या माणसासमोर मी हुंदके देऊन रडलो. तो घाबरून म्हणाला, "राहू द्या भाऊ, चालते जुनंच."

बायकोने विचारलं, "आईसाठी रडले ना?"

आठवून पाहिलं. आई त्यात कुठेच नव्हती. नोझल होतं.

डॉक्टर बाई चिडल्या. मेंदूने गोळीशी जुळवून घेतलेलं असतं, ती एकदम काढली तर असे झटके बसतात. आणि त्यामागून आलं ते दुःख नव्हे, आजार. "काही जणांच्या भावना या गोळीने बोथट होतात. तेव्हाच येऊन सांगायचं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं." तणनाशकाचंही तसंच असतं. वारा असला की थोडं तुरीवर उडतंच. गोळी पुन्हा सुरू झाली, सावरल्यावर त्यांनी डोस जरा उतरवला. डोळे कोरडेच राहिले.

वर्षश्राद्धाला मी पंगतीत वडे वाढत होतो. "दगड झाला तू," बहीण म्हणाली. तिला मागच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. आजार, गोळी, आईचा पाण्याचा गिलास. वाटलं, आता जवळ घेईल.

ती दार लोटून हळूच म्हणाली, "डोक्याची गोळी? कोनापाशी बोलू नको बाप्पा. माह्या धाकटीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

बाहेर जाऊन सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "माहा भाऊ लय घट्ट मनाचा हाय. आईच्या मागं त्यानंच घर सांभाळलं."

बायांनी माना डोलावल्या. मी वड्यांची परात उचलली. सगळ्यांचं झाल्यावर जेवलो आणि गोळीसाठी पाणी माझं मीच घेतलं.