सलग बारा महिने

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. सिव्हिलची डिग्री घेतली, सांगलीत एका इंजिनिअरकडे चार वर्षं घरांचे प्लॅन काढले आणि मग मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत स्वतःची खोली घेतली. खाली हळदीचं गोदाम आहे. माझ्याकडं येणारा माणूस आधी दोनदा शिंकतो, मग घराचं बोलायला लागतो.

प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर मी जिथं काम केलं तिथं चोरीचं होतं. पेन ड्राइव्हवरून एकाकडून दुसऱ्याकडं जायचं, त्यात कुणाला काही वाटत नसे. मला वाटायचं. परीक्षेत कधी शेजारच्याच्या पेपरात डोकावले नव्हते, आता पोटाचं हत्यार चोरीचं कशाला घेऊ? म्हणून एका परदेशी कंपनीचं घेतलं. दर महिन्याला पैसे भरायचे. त्यांच्या पानावर एक ओळ होती आणि तिच्यावर भाळूनच मी ते घेतलं: बारा महिने भरा, मग भरणं थांबवलंत तरी हे कायमचं तुमचं.

ती ओळ मी माझ्या पद्धतीनं वाचली. आमच्याकडं भिशीत एखाद्या बाईचा एक महिना चुकला तर पुढच्या महिन्यात ती दोन भरते आणि विषय मिटतो. मला वाटलं, हेही तसंच. मागंपुढं का होईना, बारा झाले की झालं.

पहिली अडचण कार्डाची आली. माझं खातं सहकारी बँकेत. तिचं कार्ड त्या परदेशी पानावर चालेना. चाललं ते आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आबा फौजेतून निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी ऊस करतात आणि त्यांची पेन्शन मोठ्या बँकेत येते. कार्ड त्यांनी माझ्याकडं दिलं, पण प्रत्येक वेळी लागणारा ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा, आणि तो फोन बटणांचा. त्यामुळं दर महिन्याच्या एकोणीस तारखेला मी सांगलीतून फोन करायची आणि आबा वायरलेसवर बोलावं तसे एकेक आकडा सुटा करून हिंदीतून सांगायचे. "पाँच. तीन. सिफर. फिरून सिफर. समजलं का?" पैसे मी त्यांना नंतर रोख द्यायची. ते घ्यायचे नाहीत, मग आई घ्यायची.

चौथ्या महिन्यात आबा साताऱ्याला आत्याकडं गेले आणि फोन घरातल्या कोनाड्यात राहिला. आई रानात. दोन दिवस कुणी फोन उचलला नाही. एकवीस तारखेला पैसे गेले, पानानं ते घेतले, मी पुढच्या कामाला लागले.

सातव्या महिन्यात एका रविवारी घरी गेले होते. सहज म्हणून त्यांच्या अटी मोबाइलवर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या आणि लगेच परत पहिल्यापासून वाचल्या. अट बारा महिन्यांची नव्हती, सलग बारा महिन्यांची होती. खंड पडला की मोजणी परत एकपासून. शिवाय कायमचं मिळणार ते सॉफ्टवेअर आजचं नाही, ज्या महिन्यात सुरुवात केली त्या महिन्यातलं. मधल्या सुधारणा भरणं थांबवलं की परत जाणार.

दोन दिवसांचा उशीर म्हणजे खंड का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कंपनीला ईमेलनं पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, पण ते यंत्राचं होतं. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, एवढंच त्यात होतं.

आबांनी विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी समजावून सांगायला लागले. माझ्या सीएला हे दोनदा सांगून कळलं नव्हतं. आबा अर्ध्यातच म्हणाले, "म्हंजे पेन्शन."

"पेन्शन कशी?"

"आगं, पंधरा वर्षं पुरी केल्याबिगर आमाला पेन्शन हाय का? आमच्यातला एक गडी चौदाव्या वर्षी भांडून घरी आला. काय मिळालं त्याला? पेटी आन बिस्तरा. आन मला शेवटाला नाईक केला, तरी पेन्शन खालच्या फितीची. तवा नियमच तसा हुता, वरच्या फितीवर दहा म्हैनं काढल्याबिगर ती धरत न्हवते. तुला बी खालची फीत मिळणार. मिळंना का. मिळती तर खरी."

"पण चौथ्या महिन्यातले दोन दिवस?"

यावर मात्र त्यांनी उठून कोनाड्यातला फोन घेतला आणि खिशात घातला. हयगय त्यांच्या हातून झाली होती आणि ते त्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून फोन त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा, आंघोळीच्या वेळी दगडावर.

मीही त्या दिवसापासून प्रत्येक प्लॅन जुन्या फॉरमॅटमध्ये जतन करायला लागले, कारण नव्यात काढलेलं जुन्यात उघडत नाही. आधीच्या सहा महिन्यांची ड्रॉइंगंही बसून जुन्यात फिरवली. पण डोक्यात भुंगा एकच. आपली मोजणी पहिल्या महिन्यापासूनची आहे की चौथ्यापासूनची? आणि हे कळण्याची घाई होती. ज्या बिल्डरच्या जिवावर मी खोली घेतली होती त्यानं बांधकाम थांबवलं. बारावा महिना मी भरू शकत होते. तेरावा, चौदावा, पंधरावा भरायची ताकद नव्हती. बाराव्याला सॉफ्टवेअर माझं झालं नसतं तर मला ते सोडावं लागलं असतं, आणि मग परत कुणाच्या तरी हाताखाली, चोरीच्या कॉपीवर.

बाराव्या महिन्याची एकोणीस तारीख. सकाळी दहाला पैसे भरायला घेतले आणि फोन लावला.

"आबा, मेसेज आला का?"

"आलाय."

"सांगा की मग."

"न्हाई सांगायचा."

मला वाटलं थट्टा आहे. "आबा, दहाच मिनिटं चालतो तो."

"कोण बोलतंय?"

"मी बोलतीया. तुमची पोरगी."

"आवाज तर तिचाच हाय. पर आता आवाज बी नकली काढत्यात म्हणं. काल माजी सैनिकांच्या बैठकीला पोलीस सायेब आलते. सख्ख्या लेकरानं मागितला तरी फोनवर द्यायचा न्हाई, असं आमाला हात वर करून म्हणायला लावलंय."

मी आईचं माहेर सांगितलं, म्हशीच्या तुटक्या शिंगाचं सांगितलं, लहानपणी त्यांच्या बुटात मी काय केलं होतं तेही सांगितलं.

"त्या चोरट्यास्नी सगळं म्हाईत आसतंय," आबा शांतपणे म्हणाले. "तुजं काम नडीचं हाय, मला ठावं हाय. म्हणून तर सांगतोय. समोर यी."

दुसऱ्या कुणाचं कार्ड मागता आलं असतं. पण कार्ड बदललं की ते खंड धरतील का, ही नवी भीती. शिवाय मागायचं कुणाकडं? वर्षभर मी सगळ्यांना ऐकवत होते की माझ्याकडं हक्काचं आहे.

लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्टँड गाठलं. विट्याची गाडी मिळाली. बायकांचं अर्धं तिकीट हातात धरून मी हिशेब करत होते तो तासांचा. त्यांच्या पानावर नुसतं 'आज' लिहिलं होतं. त्यांचा आज कुठल्या देशाच्या घड्याळानं संपतो? आपल्या दुपारी संपत असेल तर? तासगावच्या पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आडवे आले आणि एसटी त्यांच्या मागं बैलगाडीच्या चालीनं चालली. शेजारच्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात कोण हाय का गं तुजं?" मी नाही म्हणाले. "मग एवढी का घायकुतीला आलीयास?" मी परत मोबाइलवरचं घड्याळ बघितलं.

विट्याला गाडी बदलली. घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, फोन मांडीवर.

"पटली का ओळख?" मी विचारलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पटली. जरा वाळलीयास."

आई आतून म्हणाली, "बरं झालं दिला न्हाई ते. दिवाळीनंतर पयल्यांदा तोंड दिसलं पोरीचं. आदी जेव."

मी जेवले नाही. गावात रेंज एक काडी. पहिला ओटीपी आला तो वेळ संपल्यावर. तो टाकला, पान म्हणालं चूक. तीन चुकांनंतर कार्ड बंद होतं हे मला माहीत होतं, आबांना नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. लॅपटॉप आणि दोन्ही फोन घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. दुसऱ्या वेळी मेसेज लगेच आला. आबांनी फोन माझ्या हातात दिला नाही. स्वतःच वाचला, तसाच एकेक आकडा सुटा करून, मी हातभर अंतरावर असताना.

पैसे गेले. पावती आली. त्याखाली काहीच नव्हतं.

"झाली का पेन्शन चालू?" आबांनी विचारलं.

"नुसती पावती आलीय. लायसनचं काही नाही."

ते पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. "त्या दोन दिसांमुळं आसंल," म्हणाले. "मी फोन इसरलो नसतो तर." फौजेतल्या गोष्टी सांगताना कधीही न उतरणारा त्यांचा आवाज तेव्हा उतरला. माझं सांत्वन करावं असं त्यांना वाटत नव्हतं आणि त्यांचं करावं इतका धीर माझ्यात नव्हता. मी म्हणाले, "बघू. वेळ लागत असेल."

साडेपाचच्या गाडीनं परत निघाले. विटा स्टँडवर मोबाइलवर कंपनीचं पत्र आलं. मी बाकावर बसून ते तीनदा वाचलं. तेरावी भरणी करा न करा, पुढं दिलेल्या क्रमांकाचं सॉफ्टवेअर कायमचं तुमचं. नजर त्या क्रमांकावर गेली. चौथ्या महिन्यातला असता तर मोजणी मधे तुटलेली. पण तो पहिल्या महिन्यातला होता. म्हणजे दोन दिवस त्यांनी खंड धरला नव्हता.

तरी माझा विश्वास बसला नाही. फोन लावला तो आबांना, आणि सांगितलं एवढंच की पत्र आलंय, पण उघडून बघितल्याशिवाय काही म्हणणार नाही.

"न्हाईच म्हणायचं," ते म्हणाले. "रजेचा हुकूम कागदावर आला म्हणून रेल्वेत जागा मिळाली आसं आसतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी खोली उघडल्यावर जुनं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पुढच्या महिन्याची भरणी बंद करायच्या बटणावर रोज बोट ठेवायची आणि उचलायची. दाबलं आणि हेही गेलं तर? भरलेला महिना संपत आला तेव्हा दाबलं. महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वायफाय बंद केलं, फोनचा डेटा बंद केला, आणि सॉफ्टवेअरच्या निशाणीवर दोनदा टिचकी मारली. उघडायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग करडा पडदा आला. एका मास्तरांच्या घराचा प्लॅन अर्धवट होता, तो उघडला. स्वयंपाकघराची भिंत ओढली, खिडकी पूर्वेला टाकली, जतन केलं, बंद केलं, परत उघडलं. खिडकी जागेवर होती. मी जिना कुठून घ्यावा याचा विचार करायला लागले.