न पळलेल्या फेऱ्या

शिट्टीबाईंना या शाळेत खेळ शिकवता शिकवता एकवीस वर्षं झाली. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा, की मैदानापलीकडच्या गॅरेजमधला मेकॅनिकही पाना खाली ठेवून ताठ व्हायचा. लग्न केलं नाही. "सकाळी सहाला माझ्याबरोबर कोण पळणार?" असं म्हणून विषय संपवायच्या. पोरांना पळवलं, पाडलं, उभं केलं. त्यांना स्वतःबद्दल बरं वाटायचं.

शाळेत दरवर्षी शारीरिक क्षमतेची तपासणी व्हायची. म्हणजे व्हरांड्यात वजनकाटा ठेवायचा, बूट काढून एकेकाला चढवायचं, आणि बाईंनी आकडा ओरडायचा. लांब बसलेला मॉनिटर तो लिहून घ्यायचा. तक्त्यात पुढे एक रकाना असायचा: वीस मीटरच्या किती फेऱ्या धावला. सहाशे पोरांना पळवायला वेळ कुणाला? बाई कोऱ्या तक्त्यांवर आधीच सह्या ठोकून मोकळ्या व्हायच्या. पुढचं ऑफिस बघायचं.

यंदा आठवीतली टेलरची मुलगी काट्यावर चढली.

"अडुसष्ट!" बाई ओरडल्या.

"टेम्पो आला रे, बाजू द्या!" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि रांग फिसकन हसली. मुलीनं खाली बघत बूट घातले, तेही उलटसुलट. बाईंनी शिट्टी मारली नाही. खरं तर ओठाच्या कोपऱ्यात त्याही हसल्या होत्या.

आठवड्यानं ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी.

"बाई, हँडबॉलच्या संघात मला का नाही घेतलं?"

"बोर्डावर लावलंय ना? अक्षम म्हणून. चार फेऱ्या मारल्यास तू."

"कधी?"

"कधी म्हणजे?"

"मी पळलेच नाही, बाई. आमच्या वर्गातलं कुणीच नाही पळलं. नुसतं वजन झालं."

बाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. तो तसाच घेऊन त्या ऑफिसात गेल्या. हेडक्लार्क रजिस्टरची पानं उलटत होते.

"भाऊसाहेब, हा फेऱ्यांचा रकाना कुणी भरला?"

"मीच. दरवर्षी मीच भरतो की." त्यांनी कपाटाच्या काचेवर चिकटवलेला उंची-वजनाचा तक्ता दाखवला. "सोपं आहे. वजन टेबलात बसलं की वीस फेऱ्या. जास्त भरलं की चार."

"आणि कमी भरलं तर?"

"हलकंच ते! बावीस टाकतो." भाऊसाहेब खूश होते. "वरून एकदाही शेरा आला नाही, बाई. सही तुमचीच आहे ना खाली?"

सही त्यांचीच होती. ठसठशीत, खाली दोन रेघा ओढलेली.  बाईंना भाऊसाहेबांची किळस आली, त्यांच्या खूश चेहऱ्याची आली, आणि त्या दोन रेघांची सगळ्यात जास्त.

संघाची यादी संध्याकाळी पाठवायची होती. चार वाजता बाईंनी हँडबॉलसाठी नाव दिलेल्या अठरा मुली मैदानात आणल्या. वीस मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाईही, येऊन उभ्या राहिल्या, छत्री घेऊन. शिट्टी वाजली.

नवव्या फेरीला यादीतली पहिली मुलगी, काडीसारखी, बावीस फेऱ्यावाली, रेघेवर बसली आणि ओकली. नुसतं पाणी.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही, बाई. काल आईनं काट्यावर उभं केलं तर पाऊण किलो वाढलं होतं."

बाईंनी तिला सावलीत बसवलं, डब्यातली पोळी हातात दिली आणि परत शिट्टी तोंडात घातली.

टेलरची मुलगी धापा टाकत होती, लाल झाली होती, पण वळत होती, निघत होती. वजन ओढून पळणं सोपं नव्हतं. प्रत्येक वळणावर तिच्या गुडघ्यांत कळ येताना दिसत होती. तरी तिच्याआधी चौदा जणी थांबल्या. ती सत्तावीस फेऱ्यांना थांबली. मग बाईंनी तिला आडव्या दांड्याला लटकवलं, तर सहा सेकंदांत खाली. तेही बाईंनी लिहिलं, जसंच्या तसं.

"ठीक आहे, हिला राखीवमध्ये घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

"राखीव का, मॅडम?"

"फोटो निघतात हो. शाळेचं नाव असतं. आणि तिच्या मापाचा ड्रेस कुठाय?"

"माझे बाबा शिवतील," मुलगी मागून म्हणाली. तिला सगळं ऐकू आलं होतं. सगळ्यांनाच आलं होतं.

"किंवा गोलकीपर करा," भाऊसाहेब खिडकीतून ओरडले. "गोलचं दार भरून जाईल!"

कुणीतरी हसलं. बाईंनी शिट्टी फुंकली, इतकी जोरात की गॅरेजमधून कुणीतरी "काय झालं?" म्हणून डोकावलं.

"मॅडम, पहिल्या सातात तिचं नाव असेल तरच माझी सही. नाहीतर संघ घेऊन तुम्ही जा. आणि जुने तक्ते खोटे आहेत, हे मी आजच लेखी देते. माझ्या नावानिशी."

"नोकरी जाईल, बाई."

"जाऊ दे. मला माझीच घाण येतेय."

मोठ्या बाईंनी छत्री मिटली, उघडली, परत मिटली. "तुमच्या जबाबदारीवर," म्हणाल्या, आणि यादीवर सही करून निघून गेल्या.

मुलगी पुढं आली. "बाई, म्हणजे मी आहे?"

"आहेस."

"मग आता मी किती किलो कमी करू?"

 तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी पहिला प्रश्न हाच. एकवीस वर्षं व्हरांड्यात ओरडून बाईंनीच तर तो शिकवला होता.

"डावा हात सुधार आधी," त्या म्हणाल्या. "डाव्यानं फेकतेस तो चेंडू थेट गॅरेजमध्ये जातो. उद्या सकाळी सहाला ये. आणि खाऊन ये."