बेबीआत्याची चौकशी

जबलपूरच्या रांझी भागातल्या मराठी घरात स्थळ आलं की पहिला फोन बेबी रामटेके यांना जातो, नागपूरच्या नातेवाइकांना नंतर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या ह्या बाई मोबाइलवर माणूस पार मुळापासून उकरून काढतात. नाव अवतरणचिन्हांत घातलं की ते जसंच्या तसं शोधलं जातं, नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह दिलं की तो गळतो, फक्त पीडीएफ मागितल्या की एरवी न दिसणारे कागद वर येतात, हे सारं त्या स्वतःच शिकल्या.

चिकाटीला कारण होतं. त्यांच्या लग्नाच्या वेळी वडिलांनी चौघांकडे चौकशी केली आणि चौघेही नवऱ्याचेच नातलग निघाले. मुलगा निर्व्यसनी होता तो फक्त त्यांच्या तोंडी. वर्षभरात बेबीताई माहेरी परतल्या, त्या कायमच्या. रडत बसल्या नाहीत, पण विसरल्याही नाहीत.

यंदा प्रश्न सख्ख्या भाचीचा होता. नेहाला पाहून गेलेला अंबरीश वासनिक रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होता, आणि बोलायला भलताच कंजूष. नेहाची फसगत होऊ द्यायची नाही, म्हणून दुपारचं जेवण आटोपताच बेबीताई मोबाइल घेऊन बसल्या.

"काहून एवढा वेळ लावून राहिली, ताई?" नेहाचे वडील बाबाराव म्हणाले.

"याच नावाचा नागपूरचा एक कव्वाल मध्ये मध्ये येऊन राहिला. थांब, नागपूरच काढून टाकते."

काढलं, आणि पाटी कोरी. गाणारा गेला, न गाणाराही गेला. बाईंनी कपाळावर हात मारला. जबलपूरच्या मराठी माणसाच्या तीन पिढ्या इथे गेल्या तरी नावाला नागपूर चिकटलेलंच असतं, हे त्यांना तरी कळायला हवं होतं. त्यांनी नागपूर परत घेतलं, कव्वाली तेवढी वगळली आणि फक्त पीडीएफ मागितल्या.

रिछाईतल्या कारखान्यांच्या एका संघटनेच्या बैठकांचे हिंदी वृत्तांत निघाले. हजेरीत अंबरीशचं पूर्ण नाव होतं, आणि आत 'नागपुरवाले वासनिकजी' दर वेळी एकच विचारत होते: बसथांब्यावरचा दिवा कधी लागणार, कामाची पाळी सुटल्यावर बायका अंधारात उभ्या राहतात. एकदा अध्यक्ष त्यांच्यावर चिडले होते. पुढच्या बैठकीत त्यांनी परत विचारलं होतं.

बेबीताईंना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"बोल ना, चांगला आहे न पोरगा?" बाबाराव खुर्चीत पुढे सरकले.

"तुला काहून सांगू? लग्न तुला करायचं आहे का?" त्यांनी नेहाला हाक मारून मोबाइल तिच्या हातात दिला. "हे वाच. पटलं तर हो म्हण, नाही पटलं तर नाही म्हण. मला कोणी विचारलं नव्हतं."

नेहाने सगळं वाचलं. मग वर सरकवून पुन्हा वाचलं.

"आत्या, दिवा लागला का मग?"

"ते यात नाही. त्यालाच विचार."

नेहाने तिथेच, बापासमोर, अंबरीशला फोन लावला. दिव्याचं विचारलं. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "नाही लागला. पुढच्या मीटिंगमध्ये फिर से पूछेंगे म्हणतो."

आणि बाबारावांकडे वळली. "बाबा, माझं हो आहे."